चौथ्या फोटोखालचं नाव

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत हितेशभाईंच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. आता खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि वरच्या दोन खोल्यांत हितेशभाईंनी फोटोंचं छोटं संग्रहालय केलं आहे. एका खोलीत जुने फोटो. दुसऱ्या खोलीत दर वर्षी तीन नव्या मुलामुलींना जागा. त्यांना कॅमेरा मिळतो, फोटो छापून मिळतात आणि दोन महिने भिंत मिळते. या वर्षी त्या तिघांत माझी नात निशा होती.

पहिल्यांदा तिने मला तिथे नेलं ते दिवाळीनंतर. जुन्या खोलीत मिलच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या चाळीस-एक माणसांचा फोटो होता. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे आमचे हे, काशीराम. मान थोडी वाकडी, नेहमीसारखी. यांना जाऊन चौदा वर्षं झाली आणि हा फोटो आमच्या घरात कधी नव्हता. मी खालची पट्टी वाचायला वाकले. अक्षरं शिकले त्याला सहा वर्षं झाली. डिंडोलीच्या विहारात बायांचा वर्ग भरायचा, तिथे आधी मराठी आणि मग बसच्या पाट्यांवरून गुजराती. गुजरातीत डोक्यावरची रेघ नाही, एवढं सोडलं तर बरीचशी अक्षरं ओळखीची निघतात. पट्टीवर गुजरातीत लिहिलं होतं, मिल कामगार, सुरत. मी दोनदा वाचलं. पुढे काही नव्हतं.

"निशा," मी म्हटलं, "तू ज्याचा फोटो काढशील त्याच्या खाली नाव लिही. बापाचं नाव, आडनाव, सगळं."

"लिहीन आजी," ती म्हणाली.

तिने सात फोटो काढले. सगळे आमच्या वस्तीतले. लूमवरचे, साड्यांच्या घड्या घालणारे, गाडीवाले. चौथा फोटो तिच्या बापाचा, माझ्या प्रदीपचा. इच्छापोरला सुताच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर पायरीवर बसलाय, पाळी संपवून. केसांत आणि भुवयांवर सुताचा कापूस, म्हातारा झाल्यासारखा. अंगात कारखान्याचा निळा शर्ट.

फोटो पाहून प्रदीप घरात म्हणाला होता, "लाव. पण नाव नको माझं."

"का पण, बाबा?"

"नको म्हटलं ना." आणि डबा घेऊन गेला.

निशाने मला विचारलं. का नको ते मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "लिही तू. कारखान्यातलं कोण येतंय असल्या ठिकाणी?"

ही चूक माझी.

प्रदीप आठवी सोडून बसलेला. अकरा वर्षांपूर्वी इच्छापोरच्या ठेकेदाराला दहावी पास माणसं हवी होती. माझी बहीण मंदा अमळनेरला असते. तिचा मुलगा काशिनाथ दहावी झालेला, पण गाव सोडायला तयार नव्हता. मीच गेले आणि मंदाच्या पेटीतून त्याचे कागद घेऊन आले. तेव्हा त्यावरचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. आधार कार्डाची झेरॉक्स इतकी काळी निघाली होती की त्यात कोणाचाही चेहरा चालला असता. ठेकेदाराने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तेव्हापासून प्रदीप कारखान्यात काशिनाथ रघुनाथ बागूल आहे. आमच्यात असं काम करणारा तो एकटा नाही. भावाच्या कागदावर भाऊ, मेहुण्याच्या कागदावर मेहुणा. निशाला आम्ही सांगितलं होतं की तिकडे बाबांना लाडाने काशिनाथ म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी काशिनाथ काविळीने गेला. मी मातीला गेले तेव्हा मंदाने मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "प्रदीपला काम सोडू देऊ नको बाई. सुरतेत तरी माझा पोरगा रोज कामाला जातो."

उद्घाटन पाच वाजता होतं. आम्ही दोघी तीनलाच पोचलो. निशाने खुर्च्या पुसल्या, मी फोटोंखालच्या पट्ट्या एकेक करून वाचल्या. चौथ्यापाशी जास्त वेळ थांबले. प्रदीप काशीराम सोनवणे. यांचं नावही त्यात आलं होतं. जुन्या खोलीत राहून गेलेलं नाव इथे भिंतीवर लागलं, म्हणून मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात हितेशभाई फोन हातात घेऊन वर आले. मला ते आईला म्हणावं तसं बा म्हणतात.

"बा, एक खुशखबर. निशाच्या फोटोत शर्टावर कारखान्याचं चिन्ह दिसलं ना, तो फोटो मी सकाळी त्यांच्या शेठना पाठवला. शेठ स्वतः येतात. आवडलं तर पुढच्या वर्षी मुलांचे कॅमेरे त्यांच्याकडून." मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "पण मॅनेजरचा मेसेज आलाय. लिहितो, हा तर आमचा काशिनाथ, जुना माणूस, त्यालाही गाडीत घेऊन येतो. आणि इथे आपण प्रदीप लिहिलंय. नाव चुकलं की काय?"

निशा हसली. "नाही अंकल, ते तर माझे..."

"चुकलं," मी म्हटलं.

निशा माझ्याकडे बघत राहिली.

"मीच तिला सांगितलं नाव," मी हितेशभाईंना म्हटलं. "आमच्या गल्लीत दोघं सारखे दिसतात. मी म्हातारी, माझा घोळ झाला. काशिनाथच आहे तो. काशिनाथ रघुनाथ बागूल."

हितेशभाईंची नजर चौथ्या फोटोवर गेली, तिथून दाराजवळच्या पाटीवर. पाटीवर तीन नव्या कलाकारांची नावं रंगवली होती आणि पहिलंच नाव होतं निशा प्रदीप सोनवणे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर गावाकडे पाठवायचे फोटो काढले होते, उसना कोट आणि उसनं घड्याळ घालून बसलेल्या माणसांचे. हितेशभाई त्या स्टुडिओत वाढलेले. त्यांना फार सांगावं लागलं नसणार.

"प्रिंटरवाला आता मिळायचा नाही," ते म्हणाले. "हाताने लिहावं लागेल." टेबलाच्या खणातून त्यांनी कोरी पट्टी आणि काळा पेन काढून ठेवला. कोपऱ्यातली फुलांची मोठी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि पाटीपुढे नेऊन ठेवली. "इथे बरी दिसते," म्हणाले, आणि खाली गेले.

कुंडीमागे तिन्ही नावं झाकली गेली.

"आजी, काय चाललंय हे?" निशा म्हणाली. मी तिला सांगितलं. कागद, झेरॉक्स, मंदा, सगळं. खाली कव्हरांच्या दुकानात गाणी लागली होती.

"म्हणजे बाबांना काढून टाकतील?"

"काढतील. वर पोलिसात देतील की नाही, ते शेठच्या मनावर."

"मग फोटोच उतरवते मी."

"शेठ तोच फोटो बघायला येतोय. भिंतीवर मोकळी जागा दिसली तर विचारेल, का उतरवला?"

ती खुर्चीवर बसली. "तूच म्हणाली होतीस नाव लिही. बाबा नको म्हणत होते."

"हो."

"मला तरी सांगायचं होतंस."

मी पेन तिच्यापुढे केला. तिने हात मागे घेतला. "मी नाही लिहिणार. माझ्या बाबांच्या खाली मेलेल्या माणसाचं नाव."

मग मी लिहिलं. हात हळू चालतो माझा. नावावर रेघ ओढायची सवय, ती आवरत लिहिलं. काशिनाथ रघुनाथ बागूल. अक्षर सरळ आलं. विहारातल्या बाईंनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती. जुनी पट्टी मी नखाने सोडवली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

सव्वापाचला शेठ आले, पांढऱ्या कपड्यांत, साधा माणूस. मागे मॅनेजर आणि त्यांच्या मागे प्रदीप. त्याला कामावरून तसंच आणलं होतं, तोच निळा शर्ट. जिन्यात माझ्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "माय, नाव?" मी मान हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे. तो घामाने भिजला होता.

शेठ चौथ्या फोटोपुढे उभे राहिले. पट्टी वाचली. प्रदीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाह काशिनाथ, तू तो हीरो बन गया."

"जी शेठ," प्रदीप म्हणाला. तो पट्टीकडे बघत होता. त्याला गुजराती चांगलं वाचता येतं.

मॅनेजरने निशाला विचारलं, "बेटा, तुला हा कुठे सापडला फोटो काढायला?"

निशाने बापाकडे बघितलं नाही.

"आमच्या गल्लीत राहतात," ती म्हणाली. "काका आहेत."

"बरोबर सांगते," प्रदीप म्हणाला. आवाज नीट निघाला. "हुशार पोरगी आहे. आमच्या गल्लीचं नाव काढलं."

शेठनी तिचं नाव विचारलं.

"निशा," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

पेढे वाटले. निघताना हितेशभाईंनी वडिलांचा जुना कॅमेरा तीन पायांवर चढवला आणि सगळ्यांना जिन्याजवळ उभं केलं. मध्ये शेठ, त्यांच्या उजवीकडे प्रदीप, डावीकडे मॅनेजर. निशा पार कडेला, दुसऱ्या दोन मुलांच्या पलीकडे. "बा, तुम्ही पण या," ते म्हणाले. मी मागे उभी राहिले. मला पुढे प्रदीपची मान दिसत होती. यांच्यासारखीच वाकडी धरतो तो.

मग ते गाडीत बसून गेले. प्रदीपची पाळी अर्धी राहिली होती.

खाली उतरताना निशा माझ्या पुढे चार पायऱ्या होती. एरवी ती माझा हात धरते.

हितेशभाई वरून म्हणाले, "बा, हा आत्ताचा फोटो मी जुन्या खोलीत लावणार. खाली नावं काय लिहू?"

"नावं नकोत," मी म्हटलं. "सुरत लिहा. तेवढं पुरे."