माझ्या छातीतली खोटी शाबासकी

मित्रांनो, मी एक जुना रबरी पुतळा आहे, आणि तोही कमरेपर्यंतचाच. पाय देण्याची गरज माझ्या कारखान्याला वाटली नाही, कारण मला कुठे जायचेच नव्हते. एका मोठ्या रुग्णालयात, तातडीच्या विभागाशेजारच्या खोलीत, सतरंजीवर आडवे पडायचे आणि मरायचे हे माझे काम. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याचे रक्त फिरते कसे ठेवायचे, ते लोक माझ्यावर शिकत. या इमारतीत माझ्याइतक्या वेळा कोणी मेले नसेल आणि माझ्याइतक्या वेळा कोणी उठलेही नसेल. म्हणून सगळे मला लाडाने 'मामा' म्हणत.

माझ्या छातीत एक जाड स्प्रिंग होती. छाती पुरेशी खोल दाबली गेली की आतून 'टक्' असा आवाज येई. वरवर दाबणाऱ्याने कितीही घाम गाळला तरी मी त्याला दाद देत नसे. शिकवायला एक वयस्क परिचारिका होत्या, त्यांना सगळे 'बाई' म्हणत. बाईंची शिस्त कडक होती. नवे डॉक्टर, वॉर्डातले मदतनीस, रुग्णवाहिकेवरची माणसे, सगळ्यांना त्या गुडघ्यावर बसवत. आवाज आला नाही तर म्हणत, "मामा अजून गेलेलेच आहेत. जोर लावा."

वर्षानुवर्षे मार खाऊन माझी स्प्रिंग बसली. छाती दबली की वर येईना. बाईंनी नवी स्प्रिंग मागितली, तर भांडारातून 'पाहू' असे उत्तर आले आणि पुढे ते पाहणेच चालू राहिले. वर्ग तर तोंडावर आलेला. शेवटी बाईंनी माझी छाती उघडली, जखमेला बांधायच्या पट्टीची घट्ट गुंडाळी केली आणि स्प्रिंगखाली सारून दिली. छाती पुन्हा ताठ वर आली. बाईंनी एकदा दाबून पाहिले, टक् वाजले, आणि त्यांना हायसे वाटले. तात्पुरती सोय म्हणून केलेली ती गोष्ट तशीच राहून गेली.

त्या गुंडाळीमुळे आवाज फार लवकर येऊ लागला. छाती निम्मीच दाबली तरी टक्. पूर्वी नापास होणारे आता पहिल्याच झटक्यात पास होऊ लागले. बाईंच्या वर्गाचे नाव झाले, बाहेरूनही लोक शिकायला येऊ लागले, आणि जाताना माझ्या गालावर थोपटून जाऊ लागले. मीही भाव खाल्ला. छातीत चिंध्या भरलेल्या असताना मी असा तोरा मिरवला, हे आठवले की आजही तोंड लपवावेसे वाटते. पण पुतळ्याला पाठ फिरवताही येत नाही.

रुग्णवाहिकेचा एक चालक होता. त्याला सगळे 'दादा' म्हणत. तो माझा सर्वांत मन लावून शिकलेला विद्यार्थी. एके दिवशी त्याचे शेजारी त्याच्या डोळ्यांदेखत कोसळले. त्याची मुले ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळली, तेच हे गृहस्थ. गाडी दुसऱ्याला चालवायला देऊन दादाने रुग्णालयाच्या दारापर्यंत त्यांची छाती दाबणे थांबवले नाही. तरी ते गेले.

काही दिवसांनी दादा माझ्या खोलीत येऊन बसला. स्वतःचे तळवे उलटेपालटे करून पाहत राहिला. तो बाईंना म्हणाला, "तुम्ही शिकवलंत अगदी तसंच केलं, बाई. माझ्या हातातच काही नाही. यापुढे मी नुसती गाडी चालवीन, पेशंटला हात लावणार नाही." बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तुझे काहीच चुकले नाही, अशी समजूत घातली. तो मान हलवून गेला, पण त्याला ते पटले नव्हते.

त्याच सुमारास विभागातल्या एक तरुण डॉक्टर एका प्रश्नामागे लागल्या होत्या. शिकलेली माणसे लगेच धावून जातात, न थकता छाती दाबतात, तरी आपल्याकडे इतके कमी लोक का वाचतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. छाती किती खोल दबते ते दाखवणारी एक चपटी चकती त्यांनी विभागातल्या माणसांच्या तळव्याखाली ठेवून पाहिली. सगळ्यांचे दाबणे उथळ निघाले, आणि नवल म्हणजे सगळ्यांचे सारखेच उथळ. सगळ्यांची चूक सारखी, म्हणजे ती कुठेतरी एकाच ठिकाणी शिकलेली असणार, असे म्हणत त्या चकती घेऊन माझ्याकडे आल्या.

त्यांनी मला दाबले. अर्ध्यावरच मी टक् वाजलो. त्यांनी माझी छाती उघडली, गुंडाळी बाहेर काढली आणि बाईंसमोर धरली. बाईंनी आपल्याच हातची ती पट्टी लगेच ओळखली. मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून जावेसे वाटले. मी बोलू शकत नाही हे खरे, पण ज्या एका आवाजासाठी मला बनवले होते, तोच मी खोटा काढत होतो.

बाईंना गप्प राहता आले असते. डॉक्टरांनी गुपचूप नवी स्प्रिंग बसवलीही असती. पण बाईंनी दादाला बोलावून घेतले आणि डॉक्टरांसमोर सगळे सांगितले. "तुझे हात चांगले होते रे. मीच तुला कमी दाबायला शिकवलं. आणि वर तू बरोबर केलंस म्हणून सांगितलं."

दादाने माझ्या उघड्या छातीत वाकून पाहिले. मग त्याने डॉक्टरांना विचारले, "नीट दाबलं असतं तर वाचले असते?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यांना मिळायला हवी होती तेवढी संधी मिळाली नाही."

तो चिडेल असे मला वाटले होते. तो बाईंकडे वळून म्हणाला, "मला सांगितलंत ते बरं केलंत. पण बाकीच्यांना कोण सांगणार? ते उद्याही असंच दाबतील."

"मीच सांगणार," बाई म्हणाल्या.

आणि त्या सांगत आहेत. माझ्या छातीत आता नवी स्प्रिंग आहे. जुने विद्यार्थी एकेक करून परत येतात. कोणी कुरकुरते, कोणी हसण्यावारी नेते. बाई दारातच प्रत्येकाला म्हणतात, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. पुन्हा बसा." काही जण ते ऐकून स्वतःच्या तळव्यांकडे पाहतात. त्यांना कोणाचा तरी चेहरा आठवत असावा. सर्वांत आधी दादा बसला होता. त्याच्या पहिल्या काही दाबांना मी आवाज दिला नाही, आणि त्याने माझ्याकडून तो मागितलाही नाही; खरा टक् येईपर्यंत तो दाबत राहिला.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्या वस्तूंना अधूनमधून उघडून पाहत जा, त्या नीट चालत असल्या तरी. आणि माझ्यावर शिकायला बसाल तेव्हा मी गप्प राहिलो, तर रागावू नका. माझ्याकडून शाबासकी मागू नका. आणखी खोल दाबा.