खिडकीतला १.०३

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. माझ्यावर जे दाबाल, त्याचंच उत्तर मी देतो.

वहिनीने मला कॉलेजात असताना घेतलं. संख्याशास्त्र म्हणजे तिच्या हातचा मळ. लग्न होऊन ती या घरात आली आणि मी कपाटात गेलो. पुढे नणंदबाईंनी तोच विषय घेतला, तेव्हा वहिनीनेच मला काढून दिलं. "घे गं, उजेडावर चालतो. उजेड आहे तोवर विझत नाही."

नणंदबाईंचा प्रकल्प होता: आईला दमा असला तर मुलालाही होतो का? चाळीस घरं हिंडून त्यांनी माहिती आणली. दमा असलेल्या वीस आयांपैकी आठ जणींच्या मुलांना दमा, नसलेल्या वीस जणींपैकी पाच जणींच्या. मग लावली काय-स्क्वेअर कसोटी. दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे की नुसता योगायोग, ते पाहायची ही रीत. उत्तर ३.८४ च्या वर गेलं की संबंध आहे असं धरायचं.

बाईसाहेबांनी घरांची संख्या सोडून टक्केच घातले. चाळीस घरांची दोनशे झाली, उत्तर पाचपट फुगलं. मी इमानाने ५.१३ दाखवलं.

वहिनीला दमा होता. आणि तिसरा महिना.

"दादा, हे माझं मत नाही, गणित आहे," नणंदबाई जेवताना म्हणाल्या.

"जन्मभर धापा टाकणारं पोर कोण सांभाळणार?" सासूबाई लगेच बोलल्या.

"डॉक्टर म्हणाल्यात, काळजीचं कारण नाही," वहिनी म्हणाली. "मला प्रकल्पाची वही तरी बघू दे."

"या दिवसांत कशाला डोकं शिणवतेस?" दादाने ताटातून मान वर केली नाही. "उद्या जाऊन मोकळं होऊन येऊ."

मला हसू आलं. माझा आकडा तपासू शकेल अशी त्या घरात ती एकटीच होती. आठवड्याच्या आत सगळं उरकलं.

महिन्याने वही तपासून आली. सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, टक्के नकोत, संख्या घाला. नणंदबाईंनी दार लावून पुन्हा बटणं दाबली. १.०३. म्हणजे त्या चाळीस घरांवरून काहीच ठरत नव्हतं. त्यांनी लाल बटण दाबून मला पुसलं, वही गादीखाली सरकवली आणि जेवायला गेल्या. दोनदा वाढून घेतलं.

पण गाद्या उन्हात घालायचं काम वहिनीकडे असतं. वही सापडली. ती रडली नाही की ओरडली नाही. बसून शांतपणे गणित केलं आणि जेवायच्या टेबलाशेजारच्या खिडकीत मला उभं करून ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी ती तेच गणित करते आणि मला तिथेच ठेवते.

"हा काय प्रकार आहे?" दादाने एकदा विचारलं.

"गणित आहे," ती म्हणाली.

सासूबाई आता खिडकीकडे पाठ करून बसतात. नणंदबाईंना घास गिळवत नाही. मला पुसायची एकाचीही छाती होत नाही. सुरुवातीला मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? आता मात्र मीच कंटाळलोय. तुम्ही कधी या घरी आलात, तर माझं ते कोपऱ्यातलं लाल बटण एकदा दाबा. वहिनी समोरच बसलेली असेल. तिला विचारून दाबा.