माझे घरचे नाव खाट

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव कॉट. सगळे मला इंग्रज समजतात आणि माझा जीव तळमळतो. मी इथलाच आहे हो. घरी मला खाट म्हणत. गोरे साहेब इथल्या दोरीने विणलेल्या खाटेवर निजू लागले, पण नाव काही त्यांच्या तोंडात बसेना, आणि मी कॉट झालो. मग जहाजांवर चढलो, छावण्यांत हिंडलो. विलायतेत तान्ह्या बाळांच्या बिछान्यालाही माझेच नाव पडले. एका जागी म्हणून टिकलो नाही. शेवटी लोखंडी पाय घेऊन परत आलो, तर घरच्यांनीच ओळख दिली नाही. खाट अंगणात राहिली आणि मी दवाखान्यात. हे मला फार लागले.

सध्या मी धुळ्याच्या एका दवाखान्यात असतो. कॉट सरकवा, कॉट रिकामी करा, अशी माझी दिवसभर धावपळ चालते. तिथे साक्रीकडच्या नूतनचे पोटाचे ऑपरेशन झाले. तिचे सासरे सुपडू आबा रोज डबा घेऊन येत. त्यांच्या घरात सासऱ्यासमोर सून खाटेवर बसत नाही. त्यामुळे आबांची टोपी दारात दिसली, की नूतन पोट धरून खाली फरशीवर उतरायची.

नौशीन सिस्टर रागावल्या. "अहो ताई, टाके उसवले तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

"आबासमोर खाटवर कशी बसू? माले लाज वाटस," नूतन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या पट्टीवर रक्त दिसले. तेवढ्यात आबा आले. नूतनने कण्हत एक पाय खाली सोडला. मी पार घाबरलो. आबांनी पट्टी पाहिली आणि ते दारातच थबकले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, उठू नको. हाई खाट नई शे, हाई कॉट शे. दवाखानानी शे. आठे आपली रीत चालस नई."

नूतन थोडी घुटमळली. मग तिने पाय वर घेतला आणि डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, मी खाटच आहे, एवढे एकच मला जन्मभर सांगायचे होते. त्या दिवशी मी गप्प बसलो. खुशाल परका झालो, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. तुम्हीही मला हवे तर परका म्हणा. पण माझ्यावर दुखणेकरी माणूस निजले असेल, तर कुणाचा मान राखण्यासाठी त्याला खाली उतरू देऊ नका.