परातीतला डबा

कॉलेजसमोर माझी खानावळ आहे, म्हणून रॉकेटातलं मला थोडंफार कळायला लागलं. नाहीतर औंढ्याला दर्शनाला आलेल्यांना पिठलं-भाकरी वाढणारीचा आकाशाशी काय संबंध?

पोरं इंजिनिअरिंगची. ऐश्वर्या मुख्य, रुद्र तिच्या हाताखाली. आधी चांगली सात-आठ जणं होती. पहिलं रॉकेट उभ्या जागी फुटलं तेव्हा निम्मी गळाली, दुसरं माळालगतच्या विश्वंभरच्या तुरीत जाऊन पडलं तेव्हा या दोघांशिवाय उरलेली. त्या दुसऱ्याचं शेपूट विश्वंभरनं परत दिलंच नाही. बुजगावण्याला बांधलंय. रानडुकरं भितात म्हणे. तेवढंच कुणाच्या तरी कामी आलं.

तिसरं शेवटचं. प्राचार्यांनी सांगूनच टाकलं होतं, "हे वर गेलं नाही तर शेड रिकामं करा. मला तिथं सायकल स्टँड करायचंय." वर गेल्याचा व्हिडिओ पाठवला तरच रॉकेटांच्या स्पर्धेत नाव लागणार होतं, आणि ऐश्वर्याचं हे शेवटचं वर्ष. चार वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे, एवढंसुद्धा कधी म्हणाली नाही.

शेडचं छत गळतं, म्हणून इंधनाच्या कांड्या तिनं माझ्या मागच्या खोलीत आणून ठेवल्या, चुलीपासून लांब, प्लास्टिकात घट्ट गुंडाळून.

"काकू, यात साखर आहे. ओल लागली की मिठासारखी पाझरते. मग संपलंच."

"मी कशाला हात लावते बाई," मी म्हणाले. आणि नाहीच लावला.

आदल्या दिवशी तिची आई, पद्माबाई, आखाडा बाळापूरहून आली. हातात लाडवाचा डबा. "जय भीम ताई," म्हणाली आणि बूड टेकायच्या आधी विचारलं, "लेक बी वर जाऊन राहिली का त्येच्यासंगं?"

"न्हाई वो," मी म्हणाले, "नुसतं नळकांडं जाणार."

"मंग बरं."

मागच्या खोलीतच तिचं अंथरूण टाकलं.

सकाळी माळावर प्राचार्य घड्याळाकडे बघत उभे. रुद्रनं नळकांड्यात कांड्या भरल्या आणि बोटं चोळत म्हणाला, "जरा चिकट लागून राहिल्यात."

"तुझा घाम असंल. भर लवकर," ऐश्वर्या म्हणाली. सर दुसऱ्यांदा घड्याळ बघत होते.

आम्ही दगडांमागे बसलो. पद्माबाईनं माझं मनगट धरलं होतं. बटण दाबलं. फुस्स झालं. थोडा धूर आला, ओल्या सरपणाचा येतो तसा, आणि रॉकेट जिथल्या तिथं हळूच एका बाजूला कललं. पेंगलेल्या माणसासारखं.

"किल्ली आजच ऑफिसात द्या," सर म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खानावळीत येऊन मी चहा टाकला. पद्माबाईला राहवेना.

"कशानं झालं गं? माझ्याकून तर काई कसर न्हाई राहिली. राती तुझ्या कांड्यांला मुंग्या लागल्या व्हत्या. म्या समद्या सोडवल्या, वल्ल्या फडक्यानं पुसल्या, लाडवाचा डबा रिकामा करून त्यात घातल्या, अन् परातीत पाणी घालून मधी डबा ठिवला. एक मुंगी आली न्हाई! सकाळी व्हत्या तशा बांधून ठिवल्या."

मुंग्या लागल्या की मीही हेच करते. आपण सगळ्याच करतो.

रुद्रचा कप तोंडाशीच थांबला. "मावशी, अवो ते पाणी—"

ऐश्वर्यानं त्याच्या हातात लाडू कोंबला. "खा गुमान."

मग आईकडे वळून म्हणाली, "वारा आडवा आला, आई."

माळावर त्या सकाळी पान हललं नव्हतं. मी कप विसळायला घेतले, विसळलेलेच.

"वाऱ्याला काय करावं माणसानं," पद्माबाई हळहळली. "पुढल्या खेपंला म्या दोन दिस आदी येते. राखण कराया."

"ये," ऐश्वर्या म्हणाली. आणि शेडची किल्ली घेऊन उठली.