फुगडीची झाली पन्नी

बडनेऱ्यात हळद असली की बंडूमामाले कोनी फुगडीच्या आसपास फिरकू देत नाई. हा गडी कव्हा मधात घुसून जोडी फोडन, नेम नाई!

आज भाचीनं, पौर्णिमानं, त्याले दम भरूनच अकोल्याले आनलं होतं. जठारपेठेतल्या शाळेत नोकरीसाठी तिले एक तास शिकवून दाखवाचा होता.

"मामा, वऱ्हांड्यात गुमान बसजो. काई लफडं केलं ना, तं बोलनंच बंद!"

मामा खिडकीतून पाहून राहिला. समोर दहावीचे पोट्टे, मांगं मुख्याध्यापक उत्तमराव.

पौर्णिमा म्हने, "एथिलीनमध्ये दोन कार्बन, मध्ये दुहेरी बंध. जोड्या करा. फुगडीसारखे दोन्ही हात धरा. हं! ह्या सुट्या जोड्या म्हणजे नुसता वायू. आता यांची साखळी कशी होईल?"

जोड्या आपल्याच नादात गरगर. हात कोनी सोडेच ना! उत्तमरावांनं घड्याळ पाह्यलं. पौर्णिमाचं तोंड उतरलं. गेली नोकरी!

अन् इकडे मामाचे हात शिवशिवले. डोयासमोर फुगडी, अन् आपन बाहेर?

घुसलाच!

"सरका बे!" त्यानं कुंदन नावाच्या पोट्ट्याचा एक हात जोडीतून सोडवला अन् आपल्या मुठीत धरला.

"मामाऽऽ!" पौर्णिमा वरडली, अन् थबकली. कुंदनच्या जोडीदाराचा एक हात मोकया लोंबून राहिला होता.

"थांबू नको!" ती त्या जोडीदाराले म्हने. "तो हात पुढच्या जोडीत घाल!"

त्यानं घातला. ती जोडी अर्धी सुटली, तिचा मोकया हात पुढच्या जोडीत. मंग काय, फटाफट, फटाफट! बाकांमधून, दारातून, थेट वऱ्हांड्यात साखळी!

"पाहा!" पौर्णिमा टाळ्या पिटत नाचून राहिली. "एकेक जोडी एकवारिक, ही साखळी बहुवारिक! आधी दोन्ही हात एकाच्याच हातात, आता एक इकडं, एक तिकडं. अशा लांब साखळ्या एकमेकींत गुंतल्या की झाली भाजीची प्लास्टिकची पन्नी! अन् पहिली जोडी फोडायला असा एक आगलाव्या लागतोच!"

आगलाव्या! मामाची छाती गजभर फुगली.

उत्तमराव उठले.

"पन मॅडम, हे थांबते कव्हा?"

साखळीच्या टोकाले एका पोट्टीचा हात मोकया होता. पौर्णिमानं तिकडं बोट दाखवलं. "याला दुसरा मोकळा हात भेटला की, सर."

उत्तमरावांनं फाइल काखेत मारली अन् तो हात धरला.

"घ्या, थांबली. सोमवारपासून या. अन् या आगलाव्याले घरीच ठेवजा!"

मामानं अशी आरोळी ठोकली का सारी साखळी हसता हसता खाली बसली. पन हात एकानंबी सोडला नाई.