तलावापाशी एक ओरखडा

काका शेवटी डीव्हीडीतून बाहेर आले. हे मी सांगितलंच नाही असं समजा. मावशीही तसंच समजते.

तर, काका गेल्यावर मावशीकडे त्यांची एकच चालतीबोलती आठवण उरली: तलावाच्या सहलीची डीव्हीडी. शूटिंग मावशीचंच. धुकं, होडी, होडीत काका. काका मावशीकडे वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडतात आणि तिथेच डिस्क अडकते. अगदी पहिल्यापासून. मग, होते तेव्हा, खुर्चीत बसून बघणारे काका उठायचे, हात पुढे करून "दे इकडे" म्हणायचे, डिस्कवर फुंकर मारून शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि पुढचा भाग लावायचे. त्यामुळे होडीतले काका काय म्हणाले, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अगं, पण तू समोरच होतीस ना?" मी मावशीला विचारलं.

"मी कॅमेऱ्यात बघत होते. एका वेळी एकच काम होतं माझ्याच्यानं."

डिस्क आता जागोजागी फिकट पडली होती. "ते काय म्हणाले तेवढं काढून दे गं," मावशी म्हणाली. म्हणून मी ऑफिसात उरलेला शेवटचा डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणला आणि डिस्कची इमेज फाईल करायला घेतली.

"म्हणजे फोटो?"

"नाही. अख्खी डिस्क जशीच्या तशी फाईलमध्ये उतरते. मग कॉम्प्युटर काय करतो, नसलेल्या ड्राइव्हमध्ये नसलेली डिस्क घालतो आणि ती चालते."

"नसलेल्यात नसलेलं," मावशी म्हणाली. "म्हणजे आमच्या घरासारखंच की."

तलावापाशी प्रोग्रॅम अडला. पण तो विमा एजंटाच्या जातीचा. हाकललं की पुन्हा दारात. ड्राइव्ह गुणगुणत राहिला. खोलीत गारवा आला. दोरीवरचे वाळलेले कपडे परत ओले झाले, ते मावशीने कुरकुर न करता पिळले. खुर्च्या किंचित डुलू लागल्या, पाण्यावर असल्यासारख्या. शेवटी फाईल पूर्ण झाली आणि तेवढं वाचून देऊन डिस्कने मान टाकली. ती पुन्हा कशातच चालली नाही.

आम्ही फाईल लावली. धुकं. होडी. काकांनी तोंड उघडलं आणि ते पहिल्यांदाच पुढे गेले.

"थांब, कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं बसलंय," ते म्हणाले. "पुसून देतो."

म्हणजे हा माणूस पहिल्यापासून हेच म्हणत होता.

त्यांनी शर्टाचं टोक धरून हात पुढे आणला. हात मोठा होत गेला, स्क्रीनभर झाला, स्क्रीनबाहेर आला. पाठोपाठ काका. पायजमा घोट्यापर्यंत ओला.

"दे इकडे," काका म्हणाले.

मावशीने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात काहीच नव्हतं.

"आता डिस्क लागत नाही, काका. फाईल आहे."

"मग अडकते कुठे?"

"अडकतच नाही."

"अच्छा." चुकीच्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्यासारखे ते उभे राहिले. शर्टाचं टोक त्यांनी उगाच नीट केलं. "बरं चाललंय म्हणायचं," असं म्हणून ते परत होडीत जाऊन बसले.

मावशी लादीवरच्या ओल्या पावलांकडे बघत होती.

"तुला इतकं नीट करायला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही फाईल कितीदा लावली. काका काच पुसतात, होडी पुढे जाते. कुठे काही अडत नाही, म्हणून कुणी उठत नाही. शेवटी मावशीने तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं:

प्रति,
माननीय प्रमुख, इमेज फाईल विभाग (असल्यास)

महोदय, सदर फाईल पूर्णपणे निर्दोष असल्यामुळे आमची फार गैरसोय होत आहे. तरी तलावाच्या ठिकाणी एक ओरखडा तातडीने मंजूर करण्यात यावा, ही विनंती. तो पुसण्यासाठी आपल्याकडून माणूस पाठवू नये. माणूस आमचा आहे.