प्रितमची राहिलेली गाणी

“आये, अर्धा गाना कोनाला देव नको. पुरा जाला का मीच सांगन.”

हॉस्पिटलात जायला रिक्षात बसता बसता प्रितम आईला एवढं सांगून गेला, आणि ते सांगायला काही परत आला नाही. हे शब्द मी स्वतः ऐकलेले नाहीत. ठमाबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या तोंडून ऐकले, तेही तो गेल्यावर कितीतरी महिन्यांनी. पण त्यांनी ते अशा काही चालीत सांगितले की तेव्हापासून मला ते त्याच्याच आवाजात आठवतात.

प्रितम म्हणजे बाळकुमचा प्रितम. आगरी लग्नातल्या गाण्यांना गिटार आणि ड्रम लावून त्याने ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांना वेड लावलं. रिक्षांच्या पाठीवर त्याचे फोटो असायचे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मागे जुनं गावठाण आहे. तिथे हळद असली की त्याची गाणी लागायची. पहिल्या वर्षी मी खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या वर्षी एक उघडी ठेवली. तिसऱ्या वर्षी देवापुढे वात लावताना तोंडात त्याचंच गाणं आलं. मी देवाची क्षमा मागितली आणि पुढची ओळ म्हटली.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या केदारला हे कळलं तसं त्याने मला ‘प्रितम परिवार’ या ग्रुपमध्ये घातलं. हा कॉम्प्युटरवाला मुलगा त्या ग्रुपचा प्रमुख. तिथे मी बहुतेक वेळा नुसते जोडलेले हात टाकायची. माझा आवाज मुळातच बारीक. लिहितानाही तो वाढत नाही.

तो गेल्यावर कंपनीने त्याच्या फोनमधल्या गाण्यांचा अल्बम काढला. नाव ठेवलं ‘जशी होती तशी’. जाहिरातीत लिहिलं होतं, फोनवर सापडलेली गाणी, मागे थोडं संगीत, बाकी कुठेही कात्री नाही. आणि ग्रुपमध्ये भांडण पेटलं.

“कात्री नाही म्हणजे काय? कच्चा माल विकला,” ऋतिकाने लिहिलं. ही बाळकुमचीच, प्रितमच्या गल्लीत वाढलेली, कॉलेजात शिकणारी, जिभेला धार. “माणूस गेला, आता त्याचा फोन झटकून खातायत. मी एक गाणं ऐकणार नाही. बॉयकॉट.”

“तू नको ऐकू,” केदार. “पण उद्या अल्बम आपटला तर लोक म्हणतील प्रितम संपला. चालेल तुला?”

“तो संपलाच आहे, केदार. मेलाय तो. तुझ्या आकड्यांनी उठून बसणारे का?”

“आकडे म्हणजे प्रेम असतं.”

“मग भाई तू स्टेट बँकेवर प्रेम कर ना!”

विठ्ठलवाडीच्या एका काकांनी मध्येच सुप्रभातचं फूल टाकलं, ते दोघांनीही खपवून घेतलं. मग पुन्हा सुरू. कुणी म्हणे आवाज मशीनने बनवलाय, कुणी म्हणे मशीनला असा खोकला काढता येईल का. ज्यांना विकत घ्यायचा होता त्यांनी घेतला, वर नातेवाइकांनाही घ्यायला लावला.

केदारने आम्हा सगळ्यांना शिस्त लावून दिली. मला तर घरी येऊन शिकवलं.

“काकू, अल्बम लावून ठेवायचा. अर्धं मिनिट झालं की पुढचं गाणं. तेवढं वाजलं की मोजलं जातं.”

“आणि ऐकायचं कधी रे?”

“ऐकायला आयुष्य पडलंय. आधी वर न्यायचा.”

मला ते पटलं, कारण नेम म्हटला की मला पटतोच. संध्याकाळी दिवा लावून मी जपाला बसते. उजव्या हातात माळ, तर डाव्या हाताशी फोन ठेवला. मणी पुढे, गाणं पुढे. आवाज मात्र बंद, कारण जपात त्याचा सूर आला असता तर मी कुणाचं नाव घेतेय तेच मला कळलं नसतं. ग्रुपातल्या बऱ्याच बायकांनी असंच केलं. एकीने कणीक मळताना, एकीने पूजेत. आमच्यात त्याला ‘प्रितमचा जप’ असंच नाव पडलं.

अल्बम मराठी गाण्यांच्या यादीत पहिला आला. केदारने त्या यादीचा फोटो फ्रेम करून घेतला, पेढे घेतले आणि ठरवलं, की प्रितमच्या आईंना नेऊन द्यायचं. “काकू, तुम्ही चला. तुम्ही असलात की ऋतिका ओरडणार नाही.”

“ती कशाला येतेय?”

“म्हणाली, ठमाकाकीसमोर बोल काय बोलायचं ते.”

बाळकुमला पूर्वी शेतं आणि मिठागरं होती म्हणतात. आता उंच इमारती. ठमाबाईंच्या जमिनीवरच त्यांची इमारत उभी आहे आणि त्या पहिल्या मजल्यावर राहतात, कारण लिफ्टमध्ये त्यांचा जीव घाबरतो. इमारतीच्या पार्किंगमागे गावदेवीचं देऊळ मात्र होतं तिथेच आहे. बिल्डरला तेवढं हलवू दिलं नाही.

रविवारची दुपार होती. ऋतिका आधीच येऊन बसली होती. भिंतीवर प्रितमचा हार घातलेला फोटो. केदारने फ्रेम पुढे केली. “आई, पहिला नंबर. त्याच्या कुठल्याच अल्बमला मिळाला नव्हता.”

ठमाबाईंनी फ्रेम घेतली, पदराने पुसली आणि उलटी करून बाजूला ठेवली. केदारने पेढ्यांचा बॉक्स उघडला. त्यांनी हात जोडले. “नको रं बाबा. मना नाय जायाचा घशाखाली.”

“बघ,” ऋतिका म्हणाली. “सांगितलेलं मी. काकीला पण नाही आवडलं. चोर आहेत ते कंपनीवाले.”

“चोर नाय,” ठमाबाई म्हणाल्या. “फोन मीच दिला.”

आणि मग त्यांनी ते रिक्षातलं वाक्य सांगितलं.

फोटोकडे न बघता त्या बोलत राहिल्या. तेराव्यानंतर किती मुलं-मुली दारात आली, रडली. आई, शेवटची गाणी आम्हाला द्या. आई, नाहीतर ती फोनमध्येच मरतील. “मना वाटला, पोरांचा जीव अडकलाय. दिला फोन. मग समजला, अर्धी का पुरी ते मी इचारलाच नाय. पोऱ्यानी मरताना येकच गोष्ट सांगली, ती पन मी मोडली.”

“तुम्ही ऐकलीत का गाणी?” मी विचारलं.

“कशी आयकू, बाय? त्याचा आवाज आयकाचा तं दार उघरून तो आत याला पायजे.”

केदार पेढ्यांचं झाकण लावत होता आणि ते काही केल्या बसत नव्हतं. गाणी जगभर गेलेली. परत बोलावता येत नाहीत.

मला एक सुचलं. मोठं नव्हे, साधंच. आम्ही व्रत घेतो तेव्हा ते सुटल्याची खूण असते: आरती, नैवेद्य, पाण्याचा थेंब. “ठमाबाई,” मी म्हटलं, “गाणं पुरं झालं हे त्याला कसं कळायचं? त्याची काही रीत होती का?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “होती ना. माझीच.”

ठमाबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नात मांडवात बसून विधीची गाणी म्हणायची, त्यांना धवले म्हणतात, आणि म्हणणारीला धवलारीण. धवला संपला की त्या थोडं थांबून गावदेवीचं नाव घेतात आणि ‘तुझा तुला’ म्हणतात. मग गाणं आपलं राहत नाही, तिचं झालं. लहानपणी मांडीवर बसून प्रितम तेच शिकला. पुढे गिटार आली तरी घरात गाणं पुरं झालं की हळूच म्हणायचा. चूक राहिली असेल तर म्हणायचा नाही. दोन दोन महिने तसाच घोळवत बसायचा.

“पण त्याच्या एकाही रेकॉर्डमध्ये हे नाही,” केदार म्हणाला.

“कापाचे ना ते. बोलाचे, गाना संपल्यावर कोन आयकतं?”

केदारने मान वर केली. “या वेळी कापलेलं नाही,” तो म्हणाला. “कुठेही कात्री नाही. जाहिरातच तशी आहे.”

“मग शेवटी काय आहे? बोलतो का तो?” ऋतिकाने विचारलं.

केदारने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या फोनकडे.

“केदार, शेवटी काय आहे?”

“मी... स्ट्रीम केलाय.”

“ऐकलायस का?”

“अर्धं अर्धं मिनिट.”

“आणि काकू, तुम्ही?”

“माझा आवाज बंद होता गं,” मी म्हटलं.

ऋतिका कपाळाला हात लावून हसायलाच लागली. “मराठीत पहिला नंबर! आणि तुमच्यात शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नाही!”

“तू तरी कुठे ऐकलंस?” केदार चिडून म्हणाला.

“माझा बॉयकॉट होता.”

“म्हंजे समदी सारखीच,” ठमाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला, भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटले. “लाव.”

केदारने फोन जमिनीवर मध्ये ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. आजारपणातला आवाज, थोडा खरखरीत, पण त्याचाच. मशीन कसली आलीय! गाणं संपलं, गिटार विरली. शांतता झाली तसं केदारचं बोट सवयीने पुढच्या गाण्याकडे गेलं. ठमाबाईंनी डोळे न उघडता त्याचं मनगट धरलं.

पंख्याचा आवाज. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आणि मग फोनमधून, अगदी हळू, जणू खोलीत कुणी झोपलंय:

“गावदेवी आये, तुझा तुला.”

ठमाबाईंनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तोंडावर पदर दाबला. ऋतिका सरकून त्यांना बिलगली, आणि इतका वेळ तोंड वाजवणारी ती पोर हमसून हमसून रडू लागली. केदार छताकडे बघत होता.

“फुरचा गाना लाव,” ठमाबाई म्हणाल्या.

पुढच्यातही होतं. त्याच्या पुढच्यातही. एकात तर खोकला आवरून म्हटलेलं. प्रत्येक वेळी आम्ही फोनकडे वाकायचो, आणि तो म्हणायचा. हळूहळू ठमाबाईंची मान ताठ झाली. एका गाण्याला त्यांनी मांडीवर ताल धरला. मध्येच त्यांनी हात लांब करून पेढा घेतला, निम्मा मोडून केदारच्या हातावर ठेवला. “घे रं. तुझा नंबर आला ना.”

“आई, मी...”

“खा मुकाट.”

मला इतकं हलकं वाटत होतं की वेळेचंही भान नव्हतं.

शेवटचं गाणं गिटारीशिवाय होतं. धवलाच होता तो, नवरदेव मांडवातून निघतानाचा. अर्ध्यावर आवाज बसला. एक ओळ पुन्हा धरायचा प्रयत्न केला, आणि मग नुसता श्वास. कंपनीने खाली बासरी टाकून गाणं संपवलं होतं. आम्ही थांबलो. पंखा फिरत राहिला. काही आलं नाही. केदारने फोन उचलून कानाशी लावला आणि पुन्हा खाली ठेवला.

“हा राह्यला,” ठमाबाई म्हणाल्या.

ऋतिका घाईने म्हणाली, “काकी, एकच तर आहे. बाकीची सगळी त्याने...”

“म्हाईत हाय गो. रडतंस कंला?” त्यांचा चेहरा मघासारखा नव्हता, दिवसभर डोक्यावर वाहिलेली पाटी उतरवल्यावर होतो तसा मोकळा झाला होता. “बाकी समदी त्यानं दिली, मी नाय. ह्यो येक माझ्या हातून गेला. ह्याच्या राह्यलेल्या दोन ओळी मना येतात. मीच शिकवलेला.”

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. उतरत्या उन्हाची तिरीप भिंतीवरच्या फोटोवर आली होती. माझी दिव्याची वेळ होत आली होती, पण मी जागची हलले नाही. त्यांनी देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी घेतली, उरलेल्या पेढ्यांतला एक पदरात बांधला. केदारने न सांगताच फोन पुढे केला.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझ्या घशात हाय.”

दारात त्यांनी चपला घातल्या. ऋतिका उठू लागली, तेव्हा मी तिचा हात धरून तिला बसवलं. ठमाबाई कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेल्या. थोड्या वेळाने आम्ही खिडकीतून पाहिलं, तर त्या ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांमधून वाट काढत देवळाकडे चालल्या होत्या. त्यांचा सूर खिडकीपर्यंत येत होता. अर्ध्या राहिलेल्या ओळीपासून त्यांनी सुरुवात केली होती.